चार मजली इमारती पाडून तीस मजली टॉवर होतायत, हा विकास म्हणायचा का? आणि त्यात घर घ्यावं का?

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. जुन्या चार मजली इमारतींच्या जागी तीस मजली टॉवर उभे राहणं हा शहराचा विकास आहे का, हा एक. आणि अशाच एका टॉवरच्या सव्विसाव्या मजल्यावर वय झालेल्या आईला घेऊन राहायला जावं का, हा दुसरा. जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे त्यांच्या मजबुतीची तपासणी करणं, हे माझं काम आहे. त्यामुळे इमारत नवी कोरी असताना कशी दिसते यापेक्षा तिसाव्या वर्षी तिची काय गत होईल, याकडे माझं लक्ष आधी जातं. उत्तरही मी तिथूनच देते.

टॉवरला माझा सरसकट विरोध नाही. कामधंदा शहरात आहे, म्हणून माणसं शहरात येतच राहणार. त्यांच्यासाठी घरं वाढली नाहीत तर आहेत त्या घरांची भाडी वाढतात आणि कमी पगाराचा माणूस शहराच्या कडेला फेकला जातो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराने २०१६ मध्ये निवासी जमिनीपैकी जवळपास तीन चतुर्थांश जमिनीवर पूर्वीपेक्षा जास्त बांधकामाला मुभा दिली. पुढच्या काही वर्षांत तिथे नव्या घरांच्या परवानग्या दुपटीच्या आसपास गेल्या. त्यातली बरीचशी घरं टॉवरमधली नव्हती. दोन-तीन मजल्यांची, भिंतीला भिंत लागून असलेली रांगेतली घरं होती ती. घरं वाढवणं आणि टॉवर बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढत्या शहरांत नेमकी इथेच गल्लत होते.

उंच म्हणजे दाट, हेही खरं नाही. पॅरिसमध्ये एका चौरस किलोमीटरमध्ये साधारण वीस हजार माणसं राहतात, आणि ती मुख्यतः सहा-सात मजल्यांच्या इमारतींत. बार्सिलोनाचा एशांपला भाग १८५९ च्या, सेर्दा या अभियंत्याच्या आराखड्यावर उभा आहे. तिथली दाटी पॅरिसपेक्षाही जास्त आहे, आणि तिथेही टॉवर नाहीत. इमारती रस्त्याला लागून, मध्ये चौक, खाली दुकानं, अशी मांडणी असली की जमीन वाया जात नाही. टॉवर मात्र जितका उंच करावा तितकी त्याच्याभोवती मोकळी जागा सोडावी लागते, आणि त्यातली बरीचशी गाड्यांनाच जाते. मग टॉवरच का बांधतात? जमीन महाग असते, चटईक्षेत्र, म्हणजे त्या जमिनीवर एकूण किती बांधता येईल ती मर्यादा, जास्त मिळालेलं असतं आणि वरच्या मजल्याला भाव येतो, म्हणून. बिल्डरच्या हिशेबात ते बरोबरच आहे. शहराचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो.

आता टॉवर चालतो कसा ते बघा. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ तळाशी दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो दाब देतो. तीस मजले म्हणजे नव्वद मीटरच्या आसपास. गच्चीवरच्या टाकीतून एकच सरळ पाइप खाली आणला, तर तळमजल्याच्या नळावर नऊ किलोचा दाब येईल आणि नळाचं वॉशर टिकणार नाही. म्हणून मजल्यांचे टप्पे पाडतात, प्रत्येक टप्प्याला दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात किंवा मधल्या मजल्यावर वेगळी टाकी ठेवतात. आणि मुळात ते पाणी वर चढवायला पंप रोज चालवावे लागतात. लाइट गेली की चार मजली इमारतीत गैरसोय होते. तीस मजली इमारतीत लिफ्ट लगेच बंद पडते, टाकी संपली की पाणीही, आणि सव्विसाव्या मजल्यावरचं म्हातारं माणूस घरात अडकतं. जनरेटर असतो, मान्य. पण तो सुरू होतो का, त्यात डिझेल आहे का, बॅटरी शेवटची कधी बदलली, हे कुणीतरी दर आठवड्याला पाहायला हवं. लिफ्टचे दोर, आग विझवायचा पंप, स्प्रिंकलर, बेसमेंटमधला पाणी उपसायचा पंप, सगळ्याचं तेच. टॉवर बांधून संपत नाही. तो रोज चालवावा लागतो, आणि त्याचा खर्च वर्षागणिक वाढत जातो.

पहिली दहा वर्षं हा खर्च जाणवत नाही, कारण सगळं नवं असतं. म्हणून रहिवासी मेंटेनन्स कमी ठेवायचा आग्रह धरतात, बिल्डरही विक्रीच्या वेळी आकडा कमीच सांगतो. पंधराव्या वर्षी वॉटरप्रूफिंग उखडतं, विसाव्या वर्षी लिफ्ट बदलायला येतात, आणि तोवर शिल्लक काहीच नसते.

अमेरिकेत सेंट लुइसला प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत होती, अकरा मजल्यांच्या तेहतीस इमारतींची. १९५४ पासून तिथे लोक राहायला आले. खर्च वाचवायला लिफ्ट फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर थांबायची. बांधायला सरकारचा पैसा होता, पण देखभाल भाडेकरूंच्या भाड्यातून करायची होती. शहराची लोकसंख्या घटत गेली, घरं रिकामी पडली, भाडं कमी जमलं, तशी दुरुस्ती थांबली आणि उरलेलेही निघून गेले. १९७२ मध्ये पाडायला सुरुवात झाली, १९७६ पर्यंत सगळ्या इमारती गेल्या. उंच इमारतींत गरीब माणसं नीट राहूच शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यातून बऱ्याच जणांनी काढला. मला तो अन्यायाचा वाटतो. देखभालीला पैसा नसेल तर श्रीमंतांची इमारतही टिकत नाही.

त्याचा पुरावा फ्लोरिडातल्या सर्फसाइडला मिळाला. समुद्रकाठची बारा मजली इमारत, १९८१ मध्ये बांधलेली, महागडी घरं. २४ जून २०२१ च्या रात्री तिचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसं गेली. २०१८ मध्येच एका अभियंत्याने लिहून दिलं होतं की पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय. तो स्लॅब ढाळ न देता सपाट टाकलेला, त्यामुळे पाणी वाहून न जाता साचत राहतं आणि खालच्या काँक्रीटचं नुकसान होतं. पुढच्या तपासात त्या भागाच्या मूळ डिझाइनमधल्याही गंभीर उणिवा समोर आल्या. पण दुरुस्तीचं काय झालं ते वाचताना मला फार वाईट वाटलं, कारण अशा बैठकांना मी बसलेली आहे. खर्च वाढत वाढत दीड कोटी डॉलरवर गेला, इमारतीच्या गंगाजळीत त्या मानाने फारच थोडे पैसे, कुणाला अंदाज फुगवलेला वाटतो, कुणाला घर विकून निघायचंय, कुणाची खरंच ऐपत नाही. वर्गणीचे हप्ते १ जुलैला सुरू व्हायचे होते. इमारत त्याच्या आठवडाभर आधी पडली. नंतर फ्लोरिडाने कायदा बदलला आणि तीन मजली किंवा त्याहून उंच निवासी सोसायट्यांना ठरावीक वर्षांनी तपासणी आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठी वेगळा निधी सक्तीचा केला.

याउलट सिंगापूर पाहा. तिथलं गृहनिर्माण मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि आज दहातले जवळपास आठ रहिवासी त्याने बांधलेल्या घरांत राहतात. त्यातले टॉवर काही ठिकाणी पन्नास मजल्यांपर्यंत गेलेत. तिथेही जुन्या इमारतींत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. २००१ पासून मोठा कार्यक्रम हाती घेऊन, जिथे जमलं तिथे ती प्रत्येक मजल्यावर थांबेल अशी सोय केली, कारण रहिवाशांची वयं वाढत होती. आणि दर महिन्याच्या वर्गणीतला ठरलेला भाग मोठ्या दुरुस्त्यांच्या निधीत बाजूला टाकणं कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणून तिथे टॉवर चालतात.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: टॉवर येण्याआधी किंवा निदान त्याच्याबरोबर त्या रस्त्याखालची ड्रेनेज लाइन, पाण्याची मुख्य वाहिनी आणि बससेवा वाढत असेल, आणि इमारतीच्या म्हातारपणासाठी पैसा बाजूला पडत असेल, तर मी त्याला विकास म्हणेन. सोळा कुटुंबांसाठी टाकलेल्या ड्रेनेज लाइनला दीडशे कुटुंबं जोडली तर पहिल्या मोठ्या पावसात सांडपाणी शेजारच्या बैठ्या घरांत शिरतं. टॉवरवाल्यांना ते कळतही नाही. वाऱ्याचाही विचार करावा लागतो. उंच भिंतीवर आदळलेला वारा खाली वळतो आणि रस्त्यावर जोराने येतो. इंग्लंडमध्ये लीड्सला एका बत्तीस मजली टॉवरच्या पायथ्याशी २०११ मध्ये अशा वाऱ्याने ट्रक उलटला आणि पायी चाललेला एक माणूस त्याखाली सापडून मरण पावला. पुढे तिथे वारा अडवणाऱ्या पडद्या बसवाव्या लागल्या. हे सगळं नकाशा मंजूर करतानाच पाहायला हवं, आणि त्यावर हरकत घेण्याचा हक्क शेजाऱ्यांनाही आहे.

आता तुमचं घर. सॅम्पल फ्लॅट बघण्यात वेळ घालवू नका, बेसमेंटमध्ये जा. पंपरूमची फरशी ओली आहे का, भिंतीवर पाण्याचे डाग आहेत का, कॉलमच्या पायाशी पांढरी पूड सुटलीय का, ते पाहा. त्याच बिल्डरची दहा-पंधरा वर्षांपूर्वीची एखादी इमारत शोधा आणि तिथल्या रहिवाशांशी बोला. माहितीपत्रकात न सापडणारं बरंच काही तिथे कळेल. मेंटेनन्स किती हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा की त्यातले मोठ्या दुरुस्त्यांसाठी किती बाजूला पडतात आणि ते कुठल्या खात्यात जातात. तिथे गुळमुळीत उत्तर आलं तर मी ते घर घेणार नाही. जिने किती आहेत तेही बघा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला चोवीस मजल्यांना मिळून एकच जिना होता. २०१७ च्या आगीत तिथे ७२ जण गेले.

आणि सव्विसावा मजला आईसाठी नको, असं मी स्पष्टच सांगते. अग्निशमन दलाची नेहमीची शिडी साधारण तीस मीटरपर्यंत, म्हणजे नऊ-दहा मजल्यांपर्यंत पोचते. काही शहरांकडे त्याहून उंच शिड्या आहेत, पण ती गाडी वेळेवर येईल आणि टॉवरच्या आवारात वळेल याची खात्री नसते. शिवाय चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत खालचे आवाज ऐकू येतात, माणसं ओळखता येतात, कुणी हाक मारली तर ओ देता येते. त्याच्या वर गेलं की रस्त्याशी नातं तुटतं, असं डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल सांगत आले आहेत, आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत मीही तेच पाहिलंय. त्याच टॉवरमध्ये तिसरा किंवा चौथा मजला मिळत असेल तर विचारा. खालचे मजले बऱ्याचदा स्वस्तही असतात. लिफ्ट बंद असली तरी एखाद्या दिवशी हात धरून, मध्ये दोनदा बसवून त्यांना वर नेता येईल.