वाघ उतरतो, पण चार मात्रांत

प्रश्न : लेकीने फोनवर ‘लीनालची’ नावाच्या कोरियन बँडचा व्हिडिओ दाखवला. चार-पाच जण ठसक्यात गातात, मागे दोन बेस गिटार आणि ड्रम, पुढे चित्रविचित्र कपड्यांतली माणसं नाचतात. ती म्हणते, ही तिकडची लोककला. मी गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. मला ही लोककलेची थट्टा वाटली. तुमचं मत काय? – एक वाचक, जि. सांगली

उत्तर : आधी नाचणाऱ्यांना बाजूला काढू. ते बँडचे नव्हेत. ‘अँबिग्युअस डान्स कंपनी’ हा वेगळा संच आहे. 2020 मध्ये कोरियाच्या पर्यटनाच्या जाहिरातींत दोघं एकत्र दिसले आणि तो नाच जगभर फिरला. तुम्ही डोळे मिटून ऐका.

गाणारे सगळे पान्सोरीची रीतसर तालीम घेतलेले. पान्सोरी म्हणजे एक गायक, एक ढोलवाला आणि तासन्‌तास चालणारं आख्यान. ढोलवाला मध्येच ओरडून दाद देतो, तीही गाण्यातच धरायची. जुनी पाच आख्यानं आज टिकून आहेत. त्यातलं ‘सुगुंगा’ या मंडळींनी घेतलं. समुद्राचा राजा आजारी, त्याला उतारा म्हणून सशाचं काळीज, म्हणजे यकृत, हवं. कासव सशाला भुलवून पाण्याखाली नेतं, तर ससा म्हणतो, काळीज घरीच राहिलं की! आठवलं ना, जांभळीवरचं माकड आणि मगर? आपल्याकडचीच ही गोष्ट जातककथांतून, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तिकडे गेली.

तुम्ही ऐकलेलं गाणं बहुधा वाघाचं. दमलेल्या कासवाचा जबडा आखडलाय. ‘ससेराव’ अशी हाक मारायला जातं आणि तोंडून ‘वाघराव’ निघतं. झालं, डोंगरावरून वाघ खाली!

बँडमध्ये साधी गिटार नाही, कीबोर्ड नाही, हे मला फार आवडतं. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे ठरावीक सूर, वाजले असते तर पान्सोरीचे खरखरीत, ओघळणारे सूर त्यांत कोंबावे लागले असते. दोन बेस खालून चालतात, गळा मोकळा राहतो. म्होरक्या चांग योंग-ग्यू स्वतः बेस वाजवतो, सिनेमांनाही संगीत देतो.

तेव्हा थट्टा नाही. तक्रार करायचीच तर तालाची करा. मूळ पान्सोरीत वाघ ‘ऑतमोरी’त उतरतो : दहा मात्रा, तीन-दोन-तीन-दोन. तुमच्या हाताला झपतालाचा दोन-तीन-दोन-तीन ठाऊक असेलच, हा त्याचा सख्खा भाऊ. लीनालचीने त्याच्या सरळ चार मात्रा केल्या. पाय आपोआप हलतात, कबूल. पण वाघाच्या चालीतला तो तिरपा डौल गेला. लेकीला मूळ पान्सोरीही लावायला सांगा आणि मांडीवर ठेका धरून पाहा.

याच चांगचा आधीचा बँड ‘सिंगसिंग’ आणखी वेडा होता. विग घातलेले, रंगरंगोटी केलेले पुरुष तिथे ग्योंगी प्रांताची लोकगीतं रॉक आणि डिस्कोवर म्हणायचे. मंडळातली तरुण पोरं बिचकतील. तमाशातला नाच्या पाहिलेले म्हातारे बिचकणार नाहीत. 2018 मध्ये तो बँड मोडला. त्यातल्या ली ही-मूनने ‘प्रिल्यूड’ या जॅझ चमूबरोबर गायलेली लोकगीतंही मिळतात. तिथे पियानो आहे, आणि मला तो काही जागी आगाऊ वाटतो.