पडून राहिलेल्या मालाला गुंतवणूक का म्हणायचं?

या वेळी चार पत्रं एकाच विषयावर आली, म्हणून सगळं सदर समग्रलक्षी अर्थशास्त्राच्या, म्हणजे सगळ्या देशाच्या अर्थव्यवहाराचा एकत्र विचार करणाऱ्या शास्त्राच्या, पहिल्यावहिल्या पेपरालाच देऊन टाकते. हा पेपर मी २७ वर्षं शिकवला. तपासला तर त्याहूनही जास्त, कारण शेजारच्या विभागाचे गठ्ठेही माझ्याच टेबलावर येऊन पडायचे.

प्रश्न : पहिल्या सत्रात सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्रात मला चांगले गुण मिळाले, त्या जोरावर या सत्रात समग्रलक्षी घेतलं. पुस्तक सोपं वाटतं. धडा चारदा वाचला, सगळं कळलं असंच वाटलं आणि चाचणीत ३० पैकी ११! माझं गणित कच्चं आहे का? विषय बदलू का?

तुला 'तू'च म्हणते, वर्गातली सवय सुटत नाही. गुण कुठे गेले ते तू लिहिलं नाहीस, पण आकडेमोडीत गेले नसावेत. तुझं दुखणं तुझ्याच पत्रात आहे : 'पुस्तक सोपं वाटतं.'

सूक्ष्मलक्षीत, म्हणजे एकेका ग्राहकाचा, एकेका कारखान्याचा विचार करताना, 'सीमांत उपयोगिता' (आणखी एका नगातून मिळणारं जादा समाधान) आली की आपण थबकतो. शब्दच नवा, म्हणून व्याख्या दोनदा वाचतो. समग्रलक्षीत मात्र भेटतात बचत, गुंतवणूक, उत्पन्न, पैसा, बेरोजगार. लहानपणापासून कानावर पडलेले शब्द! डोळे वाक्यावरून भराभर सरकतात आणि घरातला अर्थ घेऊनच आपण परीक्षेला जाऊन बसतो.

माझंही हेच झालं होतं. राष्ट्रीय उत्पन्नावरच्या पहिल्याच चाचणीत मी जुन्या घराच्या विक्रीची सगळी रक्कम बिनधास्त जीडीपीत, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनात, धरली. आमच्या सरांनी खोडलं नाही, लाल शाईनं एवढंच विचारलं : 'घर बांधलं कधी?' ज्या वर्षी बांधलं त्या वर्षीच्या उत्पादनात ते कधीच मोजून झालंय. आता फक्त मालक बदलला. या वर्षीच्या हिशेबात येते ती दलालाची दलाली, कारण ते काम या वर्षी झालं.

आता 'गुंतवणूक' घे. घरी आपण शेअर घेतले तरी गुंतवणूक म्हणतो. या पेपरात ती बचतच. इथे गुंतवणूक म्हणजे नवं यंत्र, नवी इमारत आणि गोदामात वाढलेला साठा. कारखान्यानं १०० नग बनवले, ८० विकले, तर उरलेले २० नग ही त्या कारखान्याची 'गुंतवणूक'. मालक कपाळाला हात लावून बसलाय आणि आपण वहीत गुंतवणूक वाढली म्हणून लिहितोय! मुलं इथे हसतात, पण पुढचं सगळं याच वीस नगांवर उभं आहे. उत्पादन आणि खर्च यांचा हिशेब जुळतो तो त्यांच्यामुळे, आणि पुढच्या महिन्यात मालक उत्पादन कमी करतो, काही जणांना घरी बसवतो, तोही त्यांच्यामुळेच. ठरवून केलेली गुंतवणूक आणि नाइलाजानं झालेली गुंतवणूक हा फरक डोक्यात बसला की समतोलाचा धडा आपोआप उलगडतो.

'बेरोजगार'चंही तसंच. १०० प्रौढांत ६० कामावर, १० काम शोधताहेत, ३० जण शोधत नाहीत. श्रमशक्ती ७०, म्हणून दर १४.३ टक्के. दहातले चौघे कंटाळून शोधणंच सोडून देतात. आता श्रमशक्ती ६६, बेरोजगार ६, दर ९.१ टक्के. एकालाही काम न मिळता दर पाच टक्के अंकांनी खाली! दर वर्षी निम्मा वर्ग भाजक १०० धरतो.

आणि एक सापळा, तो मी दर वर्षी मुद्दाम लावायचे. देशात फक्त पेनं बनतात. पहिल्या वर्षी १०० पेनं, दर १०. दुसऱ्या वर्षी ११० पेनं, दर १२. चालू किमतींनी उत्पादन १००० वरून १३२० झालं, म्हणजे ३२ टक्के वाढ. किमती २० टक्क्यांनी वाढल्या. मग वास्तव वाढ, म्हणजे किमतींची वाढ वगळून उरणारी वाढ, किती? गठ्ठ्यातल्या बऱ्याच पेपरांत '३२ वजा २०, म्हणून १२' असं असायचं. अगं, पेनं मोज ना! ११० झाली, म्हणजे वाढ १० टक्के. १.१ गुणिले १.२ बरोबर १.३२. वजाबाकी फक्त छोट्या दरांना जेमतेम चालते, २ आणि ३ टक्क्यांना. शिवाय महागाईचा दर १० वरून ५ वर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या, असंही लिहू नकोस. १०० वरून ११० वर गेलेला किमतींचा निर्देशांक आता ११५.५ वर गेलाय, खाली कुठे आलाय?

विषय बदलू नकोस. वहीचं पान उभं दुमड. डावीकडे शब्दाचा घरातला अर्थ, उजवीकडे पेपरातला. पंधरा-वीस शब्दांत काम भागतं. धडा पाचव्यांदा वाचण्यापेक्षा मागची उदाहरणं पुस्तक मिटून सोडव.

प्रश्न : आमच्या पुस्तकात आधी सांगितलं की बचत वाढली की देश पुढे जातो. काही धड्यांनंतर म्हणतात, सगळ्यांनी बचत वाढवली तर मंदी वाढते. परीक्षेत नक्की कोणतं लिहायचं?

प्रश्न फार चांगला विचारलात. दोन्ही बरोबर आहेत, फक्त काळ वेगळा.

दुसरा धडा, म्हणजे अल्पकाळाचा, आधी घेऊ. माणसं मिळालेल्या १०० पैकी ८० खर्च करतात असं धरा. आता कोणीतरी १०० चा खर्च आवरला. कुणाचं तरी उत्पन्न १०० नं घटलं. त्यानं आपला खर्च ८० नं कमी केला, पुढच्यानं ६४ नं, त्याच्या पुढच्यानं ५१.२ नं. बेरीज करत गेलात तर ५०० वर येऊन थांबते, म्हणजे १०० भागिले ०.२. मूळ बदलाच्या पाचपट परिणाम, हाच गुणक. एकाचा खर्च ते दुसऱ्याचं उत्पन्न. घराच्या हिशेबात ही दुसरी बाजू दिसतच नाही. म्हणून सगळे एकदम काटकसरीला लागले तर उत्पन्नच आटतं आणि एकूण बचत होती तिथेच राहते. (कर, आयात, मध्यवर्ती बँकेनं घटवलेला व्याजदर, हे सगळं धरलं की खरा गुणक पाचापेक्षा बराच लहान निघतो. पुस्तकात हे पुढे कुठेतरी येतं, तोवर मुलं पाचाच्या प्रेमात पडलेली असतात.) केन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं १९३६ साली हा विचार मांडला, तेव्हा महामंदी अजून पुरती सरली नव्हती, अमेरिकेत १९३३ मध्ये चारातला जवळजवळ एक कामगार बेकार होता. यंत्रं थंड पडलेली असताना तुमची बचत उसनी घेऊन नवं यंत्र कोण बसवणार?

पहिला धडा दीर्घकाळाचा, रॉबर्ट सोलो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा, १९५६ सालचा. त्यात कारखाने पूर्ण क्षमतेनं चालू आहेत आणि जे वाचतं त्याचं यंत्र होतं असं गृहीत धरलंय. तिथे बचतीचा दर वाढला की उत्पादनाची पातळी उंचावते. वाढीचा वेग मात्र कायमचा वाढत नाही. हे शेवटचं वाक्य लिहिलंत तर परीक्षक खूश होतो, मी तरी व्हायचे.

दोन्ही काळ एकाच प्रसंगात पाहायचे असतील तर १९७९ ते १९८३ ची अमेरिका घ्या. पॉल व्होल्कर १९७९ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले. १९८० मध्ये महागाई १३.५ टक्के होती. त्यांनी पैशाचा पुरवठा आवळला, व्याजदर अफाट चढले. १९८२ च्या अखेरीला बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली, १९८३ मध्ये महागाई ३.२ टक्क्यांवर आली. यातला अल्पकाळ कुठला, दीर्घकाळ कुठला आणि मधल्या काळाची किंमत कुणी मोजली, हे एका पानात लिहून काढा. निम्मं पुस्तक त्यात येतं.

प्रश्न : साठा आणि प्रवाह यांत माझा नेहमी गोंधळ होतो. सोपी युक्ती आहे का?

युक्ती नाही, चित्र आहे. बिल फिलिप्स या न्यूझीलंडच्या माणसानं १९४९ मध्ये अर्थव्यवस्थेचं एक यंत्रच बनवलं. पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा आणि रंगीत पाणी. वरून उत्पन्न वाहत येतं, एक धार करात जाते, एक बचतीत, एक आयातीत. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये असं एक यंत्र आहे. टाकीतलं पाणी हा साठा, नळीतलं पाणी हा प्रवाह. सरकारचं कर्ज टाकीत, या वर्षीची तूट नळीत. तूट कमी झाली तरी कर्ज वाढतच राहतं, कारण नळ बारीक झालाय, बंद नाही. शंका आली की विचारा : याच्यापुढे 'दर वर्षी' लावता येतं का? येत असेल तर प्रवाह. (महागाई आणि बेरोजगारी यांचं नातं दाखवणारा वक्र ज्याच्या नावानं ओळखतात तो फिलिप्स हाच. त्याचा लेख १९५८ सालचा, आणि त्यात किमती नव्हत्याच, वेतनवाढ होती.)

प्रश्न : मी निवृत्त आहे, वय ६३. विद्यापीठात हा अभ्यासक्रम श्रोता म्हणून करायचा विचार आहे. कॅल्क्युलस विसरून चाळीस वर्षं झाली. जमेल का?

जमेल. पहिल्या पेपराला लागतात टक्केवारी, सरळ रेषेचा उतार आणि दोन समीकरणं सोडवणं. सत्तरचा नियम मात्र आधीच हाताशी ठेवा : ७० ला वाढीच्या दरानं भागा, दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. २ टक्क्यांना ३५, ७ टक्क्यांना १०. आणि बसा पहिल्या बाकावर. आलेखाच्या उभ्या अक्षावर व्याजदर लिहिलाय की किंमत पातळी, हे मागून दिसत नाही. वक्र बिचारे दोन्हीकडे सारखेच दिसतात.