कानाला मशीन असलेल्या सहकाऱ्याशी बोलायचं कसं? (माझा अनुभव, जरा लांबलाय)

ताई, तुम्ही लिहिलंय की सांगलीच्या ऑफिसात नवीन मुलगा आलाय, कानाला मशीन आहे, आणि डब्याच्या वेळी तो आला की सगळे गप्प होतात, काही चुकीचं बोललं जाईल म्हणून. तसा मुलगा मी होतो, फक्त माझं मशीन केसांखाली लपवलेलं.

ओरडून बोलू नका वगैरे माहीतच असेल, ते सोडून देतो. माझी चूक सांगतो. बेदाण्याच्या एका पेढीत हिशोबाला होतो, ऐकू नाही आलं की मान हलवायची आणि हसायचं ही सवयच लागलेली. सौद्याच्या गडबडीत एकाने दर सांगितला एकशे साठ, मी लिहिला एकशे सात. साठ आणि सात ओठांवर सारखेच दिसतात हो, पण परत विचारायची लाज वाटली आणि पट्टी (शेतकऱ्याला मिळणारं विक्रीचं बिल) तशीच गेली. शेतकरी दुसऱ्या दिवशी तासगावहून आला, त्याचा चढलेला चेहरा अजून आठवतो. पैसे दिले गेले, पण पेढीत मी निष्काळजी ठरलो, तुला ऐकू येतं का असं एकानेही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मग सगळ्यांनी मला काही सांगणंच सोडलं. हसताना काय झालं विचारलं की "जाऊ दे, काही नाही". हे "जाऊ दे" शिवीपेक्षा जास्त लागतं, एवढं तरी बंद करा.

आणि मशीन लावलं म्हणजे ऐकू आलं असं नसतं, पंखा, डब्यांची झाकणं, सगळंच मोठं होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कमी ऐकू येणारा म्हणून धरायलाही दोन्ही कानांना निदान 60 डेसिबलची (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) घट लागते, माझी तेव्हा कमी होती म्हणून कागदावर मी धडधाकट, त्रास मात्र रोजचा.

माझं मत (डॉक्टर नाही मी, आणि खुणांची भाषा वापरणाऱ्यांचं वेगळं असतं, त्यावर मी बोलणार नाही): त्याला एकट्याला गाठून सरळ विचारा, कसं बोललं तर सोपं जाईल, कुठल्या बाजूला बसू. नाही समजलं तर तेच वाक्य पुन्हा पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगा, आकडे, तारखा लिहून द्या. प, ब, म ओठांवर एकच दिसतात, त्यामुळे त्याने भलतंच उत्तर दिलं तर हसू नका.

आणि डब्याला त्याला खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे उजेड तुमच्या तोंडावर पडेल.