सही कोणाची आणि आठवडे किती?

गर्भपाताचा कायदा आणि त्यामागचा नैतिक वाद या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत. उत्तरे एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी आणि एका वकिलांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : दीड महिन्यापासून मी माहेरी आहे. दिवस गेलेत, नववा आठवडा चालू आहे. दवाखान्यात म्हणतात, नवऱ्याची सही आणा. तो देणार नाही. काय करू? (बार्शी)

कायद्याला तुमची एकटीची सही पुरते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि मानसिक आजार नसलेल्या स्त्रीने ‘नमुना सी’ या संमतिपत्रावर सही केली की नवरा, सासू, वडील, कोणाचीही सही लागत नाही. लग्न झालेले नसले तरी हेच. बायकोने न विचारता गर्भपात केला म्हणून एका नवऱ्याने तिच्यावर आणि डॉक्टरांवर भरपाईचा दावा लावला होता. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नवऱ्याचे अपील ऐकून घेतले नाही.

मग दवाखाने सही का मागतात? कारण १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा स्त्रीला सरळ हक्क देतच नाही. तो देतो डॉक्टरला शिक्षेतून सूट. गर्भपात करणे हा मूळ गुन्हा आजही पुस्तकात आहे. पूर्वी तो दंड संहितेच्या कलम ३१२ मध्ये होता, आता न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे, आणि त्यात स्वतः गर्भ पाडणारी स्त्रीही येते. अटी पाळल्या तरच डॉक्टर सुटतो, म्हणून तो एकाऐवजी चार कागद जमवतो. त्याची भीती समजू शकते, पण त्या भीतीची किंमत तुमच्या आठवड्यांत मोजली जाते.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. त्यामुळे बायकांचा हिशेब बहुधा दोन आठवड्यांनी कमी भरतो. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. गर्भनिरोधक साधन फसले हे कारण २०२१ च्या दुरुस्तीपासून ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ या शब्दांत आले आहे. आधी तिथे ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे होते. खासगी दवाखाना असेल तर भिंतीवर ‘नमुना बी’ हे मान्यतेचे प्रमाणपत्र आहे का ते पाहा. ते असूनही सहीवर अडून बसले, तर नकार लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच सूर बदलतो. नाही बदलला तर वाद घालत बसू नका, सरळ जिल्हा रुग्णालय गाठा.

प्रश्न : मेडिकलवाला ‘किट’ देतो. घरीच घेतलं तर काय बिघडतं? (पिंपरी)

गोळ्या वाईट नाहीत, पण तपासणीशिवाय घेतल्या की बिघडते. पाकिटात मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. पहिलीनंतर साधारण ३६ ते ४८ तासांनी बाकीच्या. भारतात ही पद्धत नऊ आठवड्यांपर्यंतच मान्य आहे आणि गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

मेडिकलवाल्याला न दिसणाऱ्या गोष्टी अशा. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल, तर गोळ्यांनी तो जात नाही. रक्तस्राव होतो, काम झाले असे वाटते, आणि नळी फुटते. पिशवीत तांबी असेल तर ती आधी काढावी लागते. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर घरी घेण्याचा विचारही नको. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचे डॉक्टरला विचारायला हवे.

चार-दोन टक्के बायकांत गर्भ पूर्ण पडत नाही, म्हणून साधारण पंधराव्या दिवशीची तपासणी टाळू नये. सलग दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, ताप उतरत नसेल किंवा चक्कर येत असेल, तर रात्र असली तरी निघा. आणि दवाखान्यात ‘आपोआप झालं’ असे सांगू नका. कोणत्या गोळ्या, कधी, किती, ते खरे सांगा. उपचार त्यावर ठरतात.

प्रश्न : मुलगी सतरा वर्षांची आहे. मुलगा ओळखीतला. डॉक्टर म्हणतात पोलिसांना कळवावंच लागेल. गावभर होईल. (परभणी जिल्हा)

डॉक्टर खरे बोलत आहेत, पण अर्धेच. अठराच्या आतल्या मुलीशी संबंध हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, तिची मर्जी असली तरी. कळवले नाही तर डॉक्टरला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. उरलेला अर्धा भाग सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात आहे: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर त्या कळवण्यात मुलीचे नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. ही विनंती लेखी द्या. संमतिपत्रावर पालकाची सही लागते. आईची चालते, वडीलच हवेत असे नाही.

तक्रार पुढे नेणार असाल, तर काढलेला गर्भाचा अंश डीएनए तपासणीसाठी जपावा लागतो. तो सलाइनमध्ये ठेवून थंड स्थितीत, पंचनाम्यासह न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जायला हवा. रोजच्या सवयीने तो फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या रसायनात) टाकला जातो आणि डीएनए खराब होतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच ‘नमुना कशात ठेवणार?’ हे विचारून घ्या.

प्रश्न : विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी चुकली. आता पंचविसावा आठवडा आहे आणि बाळाच्या मेंदूत मोठं व्यंग दिसतंय. कोर्टात जावं लागेल का? (कोल्हापूर)

व्यंग गंभीर असेल आणि राज्य सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या वैद्यकीय मंडळाने तसे म्हटले, तर नाही. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते, तेही ठरावीक गटांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंग किंवा मनोरुग्ण स्त्री, गर्भात व्यंग, आपत्तीतली स्त्री. २०२२ च्या त्याच निकालाने यात अविवाहित स्त्रियाही धरल्या. चोवीसनंतर मात्र दोनच दारे उघडी राहतात. एक, गर्भातले मोठे व्यंग, तेही मंडळाच्या मताने. दुसरे, आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज; तिथे आठवड्यांची मर्यादा नाही आणि मंडळही लागत नाही.

मंडळाने अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचे आणि होकार असेल तर पाच दिवसांत प्रक्रिया व्हायची, असे नियम सांगतो. अर्ज करताना मूळ सोनोग्राफीचे चित्र, अहवाल, एमआरआय झाला असेल तर त्याची प्रत आणि पाळीची तारीख एकत्र द्या. ‘पुन्हा सोनोग्राफी करून आणा’ यात आठवडा सहज जातो. अर्जाची पोच तारीख-वेळेसह घ्या, कारण मंडळाने नकार दिला किंवा वेळ काढला, तर उच्च न्यायालयात तीच उपयोगी पडते.

मंडळ काय तोलते, हे माहीत असलेले बरे. या टप्प्याला गर्भ बाहेर जगू शकतो, म्हणून प्रसूती सुरू करण्याआधी सुईने त्याचे हृदय थांबवावे लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुले असलेल्या, प्रसूतीनंतरच्या मानसिक आजाराने त्रस्त असलेल्या एका विवाहितेचे सव्वीस आठवड्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात याच प्रश्नावर अडले. गर्भ निरोगी होता. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी विचारले, हृदय थांबवायचे का? न्यायमूर्ती हिमा कोहली आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांची मते ११ ऑक्टोबरला वेगळी पडली आणि १६ ऑक्टोबरला तीन न्यायमूर्तींनी परवानगी नाकारली. तुमच्या प्रकरणात व्यंग आहे, त्यामुळे तो निकाल तुमच्या आड येत नाही. कोणी तो दाखवला तर हा फरक सांगा.

प्रश्न : भ्रूणहत्या महापातक आहे, कायद्याने ते धुतले जात नाही. शिवाय मुलींची संख्या घटते ती याच कायद्यामुळे. (निवृत्त शिक्षक, सातारा)

दुसरा मुद्दा आधी. मुलगी म्हणून गर्भ पाडणे कोणत्याही कायद्याने कधीच मान्य केलेले नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्यात गुन्हा घडतो लिंग विचारण्याच्या आणि सांगण्याच्या क्षणी. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला एका स्त्रीच्या मृत्यूनंतर १९ भ्रूण सापडले. तो सगळा प्रकार कायदे मोडूनच झाला होता. तिथल्या डॉक्टरची पदवी होमिओपॅथीची होती. गर्भपात कायदा आवळला तर अशी दुकाने बंद पडत नाहीत, त्यांची गर्दी वाढते.

पहिला मुद्दा जास्त खोल आहे, आणि आपल्या परंपरेचे त्यावर एकमत नाही. चरक शुक्र-शोणिताच्या, म्हणजे पुरुषबीज आणि स्त्रीबीजाच्या, संयोगातच जीव मानतात. सुश्रुत चौथ्या महिन्यात चेतना व्यक्त होते म्हणतात. स्त्री दोन हृदयांची होते म्हणून ‘दौहृद’, आणि आपला ‘डोहाळे’ त्याच घराण्यातला. गर्भोपनिषद जीव सातव्या महिन्यात आणते. गोव्यातला कॅथलिक शेजारी गर्भधारणेपासूनच जीव मानेल. मुस्लिम धर्मशास्त्रात १२० दिवसांची चर्चा सापडेल. वीस आणि चोवीस आठवडे या आत्म्याच्या तारखा नाहीतच. आईचा धोका किती आणि गर्भ बाहेर जगेल का, यावरून आखलेल्या त्या रेषा आहेत.

कायद्याविरुद्धचा सर्वांत जड आक्षेप आम्हाला तुमच्या पत्रात दिसला नाही, तो अपंगांच्या चळवळीतून येतो. निरोगी गर्भाला चोवीस आठवड्यांनंतर संरक्षण आणि व्यंग असलेल्याला नाही, म्हणजे कोणते आयुष्य कमी मोलाचे हे सरकार ठरवते. याला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. ज्या घराला ते मूल वाढवायचे आहे त्याला निर्णय घेऊ द्यावा, एवढेच म्हणता येते.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी तिथे सोय होती. गर्भपातविरोधकांनी हे उदाहरण जरूर घ्यावे, मात्र घर काढण्यासकट. १९७१ च्या कायद्याआधी सरकारने नेमलेल्या शांतिलाल शहा समितीसमोरचा प्रश्नही हाच होता: चोरून गर्भ पाडून घेताना बायका मरत होत्या.

आणखी काहींनी विचारले आहे, की नोंद घरी कळेल का? कायद्यानुसार नाव फक्त प्रवेश-नोंदवहीत असते, आणि ती गोपनीय असते. संमतिपत्र ‘गुप्त’ लिहिलेल्या बंद पाकिटात राहते. शस्त्रक्रियेच्या वहीवर, केसपेपरवर नावाऐवजी अनुक्रमांक लिहायचा असतो. माहिती फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गळती बहुतेक दुसरीकडूनच होते: कुटुंबाच्या विम्यावर दावा केला तर पॉलिसीधारकाच्या मोबाइलवर संदेश जातो, आणि पॉलिसी अनेकदा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावावर असते.