सुट्टी आधी ठरवा, देश नंतर

या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांत देश ठरलेला आहे, पैसेही बाजूला काढलेले आहेत, पण शाळेचं कॅलेंडर सर्वांत शेवटी उघडलेलं दिसतं. हा क्रम उलटा करा. आधी शाळेकडून सुट्टीच्या तारखा लेखी घ्या, मग त्या पंधरा-वीस दिवसांत जिथलं हवामान चांगलं असेल तो देश निवडा. पुढची सगळी उत्तरं याच हिशेबाने दिली आहेत.

थोरली सीबीएसईच्या शाळेत आठवीत आहे, धाकटा राज्य मंडळाच्या शाळेत चौथीत. मे २०२७मध्ये स्वित्झर्लंड आणि पॅरिस करायचं आहे, जमलं तर हॉलंडचे ट्युलिपही. दोघांच्या सुट्ट्या जुळवायच्या कशा? — ठाणे

सीबीएसई शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. मेमध्ये सुट्टी लागते आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शाळा पुन्हा उघडते. राज्य मंडळाची सुट्टी साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत असते, विदर्भात आणखी थोडी पुढे. म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांना खात्रीने मिळतील असे दिवस १० ते ३० मे. शाळा उघडताच थोरलीची चाचणी असते का, तेही आत्ताच विचारून घ्या. परतल्यावर निदान तीन दिवस घरी हवेत.

या तारखांत ट्युलिप बसत नाहीत. क्यूकेनहॉफची बाग मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडते आणि मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास बंद होते. शेवटच्या दिवसांत शेतातली फुलंही बरीचशी छाटलेली असतात. हॉलंड गाळून ते तीन दिवस स्वित्झर्लंडला द्या.

स्वित्झर्लंडमध्ये मे हा दोन हंगामांच्या मधला महिना आहे. युंगफ्राउयोखची रेल्वे (३,४५४ मीटर) वर्षभर चालते, त्यामुळे मुलांना बर्फ नक्की मिळेल. पण फुर्का आणि ग्रिमसेल हे घाट बहुधा मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतात, शिनिगे प्लाटेची डोंगरी रेल्वे जूनच्या मध्यापर्यंत बंद असते आणि दोन हजार मीटरच्या वरच्या पायवाटांवर बर्फ असतो. काही केबल कार याच काळात दुरुस्तीसाठी थांबवतात. प्रत्येक केबल कारच्या संकेतस्थळावर ‘रिव्हिजन’च्या तारखा दिलेल्या असतात. त्या बघितल्याशिवाय हॉटेलचं गाव ठरवू नका.

मेची खरी कमाई आहे ती दरीत. बर्फ वितळायला लागल्यामुळे लाउटरब्रुनेनचे धबधबे या दिवसांत भरून वाहतात. तिथला ट्रुमेलबाख तर डोंगराच्या पोटातून कोसळतो. लिफ्टने वर जायचं आणि ओल्या, आवाजाने थरथरणाऱ्या बोगद्यांतून खाली उतरायचं. चार वर्षांखालच्या मुलांना तिथे सोडत नाहीत, तुमची दोघं चालतील. पॅरिसला मेअखेर सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. मुलं उजेडात झोपत नाहीत, तेव्हा जाड पडद्यांची खोली मागा. १७ मे २०२७ हा पेंटेकॉस्टचा सोमवार आहे. त्या दिवशी अनेक दुकानं बंद असतील आणि गाड्यांना गर्दी असेल, म्हणून गाव बदलण्याचा प्रवास त्या शनिवार ते सोमवारात ठेवू नका.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तुम्हाला तो नोव्हेंबरच्या मध्यापासून करता येईल. मार्च-एप्रिलमध्ये अख्खा महाराष्ट्र अपॉइंटमेंट शोधत असतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच उरकून टाका. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. बारा वर्षांपासून पुढे बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणजे थोरलीला सोबत न्यावं लागेल. मोठ्यांना शुल्क ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे.

आता दोन्ही मुलांचे पासपोर्ट काढून तारीख बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि आईवडिलांचा अजून चालू असल्यामुळे मुलांच्या मुदतीकडे कुणाचं लक्षच जात नाही. शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक हवी. मुलांच्या पासपोर्टवर आईचं नाव सासरचं आणि तिच्या स्वतःच्या पासपोर्टवर माहेरचं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला अर्जाला जोडा.

जपानला मुलांच्या सुट्टीत जावं तर साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, संपलेला असतो. मग मेमध्ये जाण्यात अर्थ आहे का? — कोल्हापूर

आहे. महाराष्ट्रातल्या सुट्टीला जपानइतका चपखल बसणारा दुसरा दूरचा देश आमच्या मते नाही. साकुरा टोकियो-क्योतोला मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला असतो. तेव्हा आपल्याकडे परीक्षा असतात, त्याचा नाद सोडा. फुलंच हवी असतील, तर होक्काइदो बेटावर सप्पोरोला ती मेच्या सुरुवातीला उमलतात.

दोन तारखा डोक्यात ठेवा. पहिली ५ मे. २९ एप्रिलपासून तोवर जपानची स्वतःची सुट्टी, ‘गोल्डन वीक’, असते. अख्खा देश गाड्यांत बसलेला असतो आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात. दुसरी ७ जून. या सुमारास टोकियोकडे पावसाळा लागतो, क्योतो-ओसाकाकडे एखादा दिवस आधी. क्यूशू बेटाच्या दक्षिणेला तो मेअखेरच येतो आणि ओकिनावाला तर १० मेच्या सुमारासच, म्हणून ओकिनावाचे समुद्रकिनारे या वेळी यादीतून काढा. ८ मे ते ३ जून या दिवसांत मुख्य बेटावर हवा कोरडी, दिवस मोठा, उकाडा नाही आणि फुजी दिसण्याची शक्यताही बरी.

मुलांना बर्फ दाखवायचा असेल, तर तोयामाहून तातेयामा-कुरोबे मार्गावर मुरोदोला (२,४५० मीटर) जा. हिवाळ्याचा बर्फ कापून काढलेल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंती उभ्या असतात. एप्रिलमध्ये त्या १५ मीटरच्या आसपास असतात, मेअखेरही दहाएक मीटर उरतात. जूनच्या शेवटापर्यंत त्यांच्यामधून चालता येतं. तिकीट ऑनलाइन आणि सकाळचंच घ्या, कारण दुपारी ढग उतरले की भिंत सोडून काहीच दिसत नाही. पाय भिजू न देणारे बूट आणि वारा अडवणारं जाकीट घ्या. खाली तोयामात अर्ध्या बाह्यांवर फिरणारं मूल वर तासाभरात कुडकुडायला लागतं.

शिंकान्सेनचं (जपानच्या बुलेट ट्रेनचं) आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी सकाळी दहाला (त्यांच्या घड्याळात) उघडतं. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, त्याखालच्यांना स्वतंत्र जागा नको असेल तर फुकट. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर टोकियो-ओसाका मार्गावर सामानाच्या जागेसकट सीट आरक्षित करावी लागते. आपली मोठी कुटुंबबॅग हमखास त्यात मोडते. चौघांत दोन अवजड बॅगा नेण्यापेक्षा चार मध्यम बॅगा न्या.

व्हिसाची घाई मात्र इथे नडते. जपानचा एका प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांतच वापरावा लागतो. जानेवारीत काढून ठेवलेला व्हिसा मेमध्ये कामाचा नाही. प्रवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी अर्ज करा.

न्यूझीलंड मेमध्ये की दिवाळीत? — नाशिक

दिवाळीत. मेमध्ये तिथे शरद संपत आलेला असतो. क्वीन्सटाऊनकडची पिवळी-तांबडी पानं तोवर बरीचशी गळून गेलेली असतात, स्कीइंगची मैदानं जूनच्या मध्याला उघडतात आणि सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ना रंग, ना बर्फ, आणि दिवसही तोकडा.

२०२६मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि भाऊबीज ११ला. १२ला निघालात, तर तिथे वसंत ऐन भरात असेल. टेकापो तळ्याकाठची ल्युपिनची फुलं नोव्हेंबरच्या मध्यापासूनच फुलू लागतात. २०२७ची दिवाळी २९ ऑक्टोबरला, म्हणजे लवकर आहे. त्या वर्षी ल्युपिन हुकतील आणि मिलफर्डच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिमकडे कोसळण्याचा धोकाही थोडा जास्त असेल. शक्य असेल तर २०२६च धरा. शाळा दिवाळीची सुट्टी आठवडाभरच देत असेल, तर न्यूझीलंड नकोच. भारतातून थेट विमान नाही आणि तिथलं घड्याळ नोव्हेंबरमध्ये आपल्या साडेसात तास पुढे असतं. येण्या-जाण्यात आणि झोप सावरण्यात चार दिवस जातात. आठ-नऊ रात्री मिळाल्या तर फक्त दक्षिण बेट करा, बारा असतील तर दोन्ही. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथल्या बोटीसाठी एक राखीव दिवस ठेवाच.

सिडनी किंवा मेलबर्नमार्गे तिकीट स्वस्त दिसलं, तर थांबा. ऑस्ट्रेलियात विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो मोफत आहे, पण चौघांचे चार वेगळे अर्ज करावे लागतात. सिंगापूरमार्गे एकाच तिकिटावर, विमानतळाबाहेर न पडता गेलात तर हा व्याप नाही.

आणि फराळ. चकली, चिवडा, शंकरपाळे नेणार असाल तर उतरण्याआधीच्या प्रवासी घोषणापत्रात खाद्यपदार्थांसमोर ‘हो’ करा आणि डबा वरच ठेवा, म्हणजे अधिकाऱ्याला लगेच दाखवता येईल. मध आणि ताजी फळं नेऊच नका. जाहीर न केलेलं एक सफरचंद पिशवीत सापडलं, तरी जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. मुलांच्या पाठपिशव्या विमानातून उतरण्याआधी रिकाम्या करून बघा, अशी फळं बहुतेक वेळा तिथेच निघतात.

नाताळच्या सुट्टीत मुलांना नॉर्वेचे नॉर्दर्न लाइट्स दाखवावेत असं वाटतं. एका एजंटने मेची टूरही सुचवली आहे. — पणजी

मेची टूर या कामासाठी घेऊ नका. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ट्रॉम्सोला २० मेच्या सुमारास सूर्य मावळायचाच थांबतो, आणि त्याआधीही रात्री पुरता अंधार होत नाही. आकाशातले हे दिवे ऑगस्टअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दिसतात.

नाताळात ते दिसतील, पण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर संधिप्रकाश, बाकी अंधार. लहान मुलांची झोप आणि चिडचिड सांभाळणं कठीण जातं, शिवाय दरही वर्षातले चढे. शाळा दिवाळीला दहा दिवस देत असेल, तर ते घ्या. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, त्यामुळे भाऊबीज करून निघालात तरी आकाशात चंद्राची कोरच असते आणि फिकट प्रकाशसुद्धा डोळ्यांना दिसतो. नोव्हेंबरच्या मध्यात दिवस चारएक तासांचा असतो, तेवढ्यात मुलांना बाहेर खेळवता येतं. एकच उणीव अशी, की कुत्र्यांच्या घसरगाडीला पुरेसा बर्फ तेव्हा नसतो आणि गाड्या चाकांवर चालवतात.

किमान चार रात्री ठेवा, पाच असल्या तर उत्तम. ट्रॉम्सो किनाऱ्यावर आहे, ढग वारंवार येतात. आकाश झाकलं की स्थानिक चालक गाडी आत, फिनलंडच्या सीमेकडे कोरड्या हवेत नेतात. ही सफर रात्री एक-दोनपर्यंत लांबते. सहा वर्षांखालच्या मुलांना बरेच चालक घेत नाहीत. बुकिंगच्या आधी विचारा.

मे महिन्यात केनियात प्राण्यांचं स्थलांतर बघायला मिळेल का? — सोलापूर

नाही. मार्च ते मे तिथे मोठा पाऊस असतो, चिखलात गाड्या रुततात आणि विल्डबीस्टचे (नू हरणांचे) कळप तेव्हा खाली टांझानियात असतात. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात. या काळात महाराष्ट्रातल्या शाळांना मोठी सुट्टी नाही, तेव्हा १५ ऑगस्ट किंवा गणपतीला जोडून आठवडा काढावा लागेल. पिवळ्या तापाची लस निघण्यासाठी नव्हे, परतण्यासाठी महत्त्वाची आहे. ती घेतल्याला दहा दिवस झालेले नसतील किंवा प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, ठरावीक दिवशी आणि आधी नाव नोंदवून. दक्षिण आफ्रिकेला नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणाऱ्यांनीही ती घ्यावी.

मुलगा न्यू जर्सीत असतो, नातवंडं सहा आणि दहा वर्षांची. २०२७मध्ये त्यांना इकडे कधी बोलवावं? त्यांना आंबेही खायचे आहेत आणि गणपतीही बघायचा आहे. — सातारा

आंबा आणि गणपती एका फेरीत बसत नाहीत, आणि न्यू जर्सीच्या मुलांना आंबा तसा कठीणच. त्यांच्या शाळा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुटतात. मुंबईला पाऊस ११ जूनच्या सुमारास लागतो, तोवर हापूस संपलेला असतो. टेक्सासमधल्या शाळा मेअखेर सुटतात, तिथल्या नातवंडांना जूनचा पहिला आठवडा साधतो.

गणपती मात्र २०२७मध्ये फार छान जुळतो. गणेश चतुर्थी ४ सप्टेंबरला, शनिवारी आहे. अमेरिकेतली कामगारदिनाची सुट्टी सोमवारी, ६ तारखेला, आणि न्यू जर्सीतल्या बऱ्याच शाळा त्या सुमारास उघडतात. १४ ऑगस्टच्या आसपास त्यांनी यावं. घरी दीड दिवसाचा गणपती असेल, तर ५ला विसर्जन करून त्याच रात्री विमान पकडता येईल. मुलाने तिथल्या शाळेचं २०२७-२८चं कॅलेंडर आल्यावरच तिकीट काढावं. काही शाळा ऑगस्टअखेरच उघडतात.

या तीन आठवड्यांत पावसाचा जोर जुलैपेक्षा कमी झालेला असतो, ठोसेघर वाहत असतो आणि कास पठारावर फुलं यायला सुरुवात होते. ताडोब्याचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, वाघ दाखवण्याचं कबूल करू नका. पहिले चार-पाच दिवस घराबाहेरचा एकही कार्यक्रम ठेवू नका. मुलं पहाटे तीनला टक्क जागी होतील आणि संध्याकाळी जेवता जेवता झोपतील. नाताळात यायचा त्यांचा विचार असेल तर दिल्लीमार्गे तिकीट टाळायला सांगा, धुक्यामुळे पुढची विमानं चुकतात.

नातवंडांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असेल आणि मधल्या काळात पासपोर्ट बदलला असेल, तर नवं कार्ड लागत नाही. पण नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवावा लागतो. हे काम तिकीट काढण्याआधी करून घ्यायला सांगा.