गोव्याचा 'मुक्तिदिन' का, 'स्वातंत्र्यदिन' का नाही?

एका वाचकाने विचारलंय: "१५ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन, मग १९ डिसेंबर हा गोव्याचा 'मुक्तिदिन' का? मुक्ती म्हणजे तर मोक्ष. की गोव्याच्या लढ्याला जरा हलकं लेखायचं म्हणून वेगळा शब्द?"

हलकं वगैरे काही नाही. 'गोवा स्वतंत्र झाला' हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. गोवा नावाचा वेगळा देश झाला, असंच ऐकू येतं. १७ डिसेंबर १९६१ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, १९ला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली आणि १५१०पासूनचा अंमल संपला. गोवा थेट भारतात आला. 'स्वतंत्र गोवा' मधे एक दिवसही नव्हता.

शब्दांची घडणही हेच सांगते. 'मुक्ती'च्या मुळाशी 'मुच्' धातू आहे, अर्थ सोडणे, सुटणे. त्यामुळे 'मुक्त' म्हटलं की कशातून, कोणापासून हा प्रश्न येतोच: कर्जातून, रोगातून, जन्ममरणाच्या फेऱ्यातून. मोक्षही याच धातूचा, म्हणून वाचकाला तो आठवला ते बरोबरच. (याच कुळातला 'विमोचन' शब्दही तेव्हा गोव्यासाठी चालायचा. पुण्यात 'गोवा विमोचन सहाय्यक समिती' होती. आता विमोचन म्हटलं की हिंदीतलं पुस्तकप्रकाशन डोळ्यांपुढे येतं!)

'स्वतंत्र'मध्ये मात्र कोणापासून सुटलो हे नाही. सूत्रं कोणाच्या हाती, ते आहे. पाणिनीने कर्त्याची व्याख्याच 'स्वतन्त्रः कर्ता' अशी केली आहे. वाक्यातली क्रिया ज्याच्या मर्जीने चालते तो कर्ता. १९४७ साली देश अशा अर्थाने कर्ता झाला. अगदी काटेकोर बोलायचं तर २६ जानेवारी १९५०पर्यंत आपण ब्रिटिश राजाखालची डोमिनियनच होतो, पण तेवढा कीस काढायला नको.

मला सगळ्यांत बोलकं उदाहरण वाटतं ते मराठवाड्याचं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील, असं निजामाने जून १९४७मध्येच जाहीर केलं होतं. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांची घोषणा 'आझाद हैदराबाद'ची. म्हणजे 'स्वतंत्र' हा शब्द तिथे आधीच राजाने पळवलेला! प्रजेला हवं होतं ते त्या 'स्वातंत्र्या'तून सुटणं. म्हणून १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

अर्थात नियम पोलादी नाही. गोव्यात आणि मराठवाड्यात लढलेल्यांना आपण 'स्वातंत्र्यसैनिक'च म्हणतो, 'मुक्तिसैनिक' क्वचित. आणि मुक्ती म्हणजे शेजारच्या देशात विलीन होणं, असंही नाही. बांगलादेश वेगळा देश झाला, तरी १९७१चं युद्ध त्यांच्यासाठी 'मुक्तियुद्ध'च आहे. २६ मार्चला मात्र ते स्वाधीनता दिवस पाळतात. शेख मुजीब यांनी ७ मार्चच्या भाषणात 'मुक्ती' आणि 'स्वाधीनता' हे दोन्ही शब्द पाठोपाठ वापरले होते. एकाच अर्थाचे असते, तर दोन्हींची गरज पडली नसती.

जाता जाता लेखनाचं. 'स्वातंत्र दिन' चूक, 'स्वातंत्र्य'मधला 'य' खाऊ नका. 'मुक्ती' सुटा लिहिताना दीर्घ, समासात ऱ्हस्व: मुक्तिदिन, मुक्तिसंग्राम. आणि गोव्याबद्दल लिहिताना 'स्वातंत्र्यपूर्व काळात' असं मोघम लिहू नका, १९४७ की १९६१ हे कळत नाही. गोव्यातली माणसं 'मुक्तीच्या आधी', 'मुक्तीनंतर' असं म्हणतात, तेच वापरा.