विमानाचं वेड आणि बँकेचा हप्ता

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं, त्या खासगी कॉलेजातल्या एरोस्पेस इंजिनीअरिंगच्या (विमान-रॉकेटांच्या) पदवीचं माहितीपत्रक दोनदा वाचलं. वर जेट इंजिनाचा फोटो, आत वर्षाला ४ लाख फी आणि शेवटच्या पानावर ‘इस्रोत उज्ज्वल संधी’. आधी त्या शेवटच्या पानाचंच बघू.

इस्रोची शास्त्रज्ञ-अभियंता ‘एससी’ या सुरुवातीच्या श्रेणीच्या पदाची मोठी भरती निघते ती मुख्यतः मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी. मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. म्हणजे तू चार वर्षांचे १६ लाख मोजून ज्या दाराशी जाणार, तिथे सरकारी कॉलेजातला मेकॅनिकलवाला आधीच रांगेत उभा असणार. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळच्या ओझरहून तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान उडालं, तेव्हापासून तुझ्या डोक्यात हे शिरलंय, ठाऊक आहे मला. पण मीही मेकॅनिकलवालाच. उभी हयात विमानांचे पार्ट तपासण्यात गेली, पदवीवर ‘एरोस्पेस’ नाही म्हणून कुणी अडवलं नाही.

आता कर्ज. १५ लाख, १० टक्के व्याज, १० वर्षं: हप्ता जवळजवळ २० हजार. शिकतानाचं व्याज साठलं तर आणखी जास्त. साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते, आणि तुमच्याकडे तारण म्हणजे राहतं घर. पहिला पगार ३० हजार धरलास, तर बंगळुरूत खोलीभाडं देऊन हातात काय उरेल, ते तूच मांड.

पवईला आयआयटीत किंवा तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत (अंतराळ विज्ञानाच्या सरकारी संस्थेत) एरोस्पेस मिळालं तर डोळे झाकून घे. आयआयटीची शिकवणी फी वर्षाला २ लाख. घरचं उत्पन्न १ ते ५ लाखांत असेल तर त्यातली दोन तृतीयांश माफ, १ लाखाच्या आत असेल तर सगळीच. नाहीच मिळालं तर मेकॅनिकल कर, मग ‘गेट’ ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन एरोस्पेसमध्ये एमटेक. तिथे उलट दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं.

अमेरिकेचं म्हणशील, तर तिथल्या रॉकेट-क्षेपणास्त्रांच्या कामाला निर्यात कायद्यामुळे परक्या नागरिकाला सहसा घेत नाहीत. हे एजंट सांगत नाही.

एवढं सांगूनही त्याच कॉलेजवर मन बसलं असेल, तर एकदा जाऊन ये. विंड टनेल, म्हणजे विमानाच्या मॉडेलवर वारा सोडून चाचणी घ्यायचं यंत्र, चालू करून दाखवा म्हण. किल्ली कुणाकडे आहे यावरून धावपळ सुरू झाली, तर चहा पिऊन परत ये.

रविवारी बाबांना घेऊन ये. बँकेचा कागद विसरू नकोस.

तुझा,
काका